अवेळी आलेला सूर्य

केळगी गावात सूर्य रोज उगवायचा, पण त्याला मान मिळायचा तो वर्षातून एकदाच. तो दिवस म्हणजे मेष संक्रांत, एप्रिलची तेरा तारीख. केशवभट जोशांच्या पंचांगात त्या दिवसापुढे ‘विषुव’ असे छापलेले असे, आणि विषुव म्हणजे दिवस आणि रात्र सारखी, इतके गावाला ठाऊक होते. त्या दिवशी कलमेश्वराच्या दगडी देवळात सकाळी गाव गोळा व्हायचे. उगवतीचे ऊन पूर्वेच्या दारातून आत यायचे, पिंडीवर पडायचे, ढोल वाजायचे, गुलाल उडायचा आणि सूर्य देवाला भेटून गेला म्हणून लोक घरी जाऊन पोळ्या खायचे.

यात एक किरकोळ अडचण होती. तेरा एप्रिलला सूर्य दारातून आत यायचा खरा, पण देवाकडे जायचा नाही. तो तिरका शिरायचा आणि डाव्या अंगाच्या खांबाशी ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यावर जाऊन पडायचा. दुसऱ्या एखाद्या गावाने विचार केला असता की असे का होते. केळगीने बुधल्यापाशी आरसा घेऊन एक माणूस उभा केला. त्याने ते ऊन आरशात धरायचे आणि वळवून गाभाऱ्यात पिंडीवर टाकायचे. वाट चुकलेल्या पाहुण्यासारखे सूर्याला हाताला धरून देवापर्यंत न्यावे लागते, यात गावाला काहीच वावगे वाटत नसे. चिकोडीहून मामलेदार आला तर त्यालाही वेशीपासून असेच न्यावे लागायचे. मोठ्या माणसांची ही रीतच असते, असे लोक म्हणायचे.

आरसा काशाचा, परातीएवढा होता आणि तो गुरवांच्या घरात असे. आरसा धरण्याबद्दल गुरवांना ओढ्याकाठची तीन एकर जमीन होती. तिला ‘आरशाची पट्टी’ म्हणत. सनदेत स्पष्ट लिहिले होते की गुरवाने सूर्य देवाला भेटवावा आणि पट्टी खावी. म्हणजे ज्या दिवशी सूर्य गुरवाशिवाय भेटेल त्या दिवशी पट्टी गेली, हे सनदेत लिहिले नव्हते तरी वाचता येत होते.

आरसा आता मनुबाईच्या हातात होता. तिचा नवरा मष्णू गुरव आठ वर्षांमागे प्लेगात गेला. पोरबाळ नव्हते. विधवेने सूर्य आणायचा म्हणजे काय, म्हणून पंचांनी पहिल्या वर्षी आरसा पाटलाच्या पुतण्याच्या हाती दिला. त्याने सूर्य आधी छताला, मग केशवभटांच्या टकलावर आणि शेवटी नागोजी पाटलाच्या दोन्ही डोळ्यांत घातला. देव अंधारातच राहिला. दुसऱ्या वर्षी पंचांनी आरसा मुकाट्याने मनुबाईकडे दिला आणि तोड काढली. तिने खांबाआड उभे राहायचे. बाहेर दिसायचे ते नुसते दोन हात आणि आरसा. हातांवरून कपाळावर कुंकू आहे की नाही हे कोणाला कळत नाही, त्यामुळे धर्म शाबूत राहिला.

मनुबाईला या सगळ्याचे हसू यायचे, पण ती हसायची नाही. पट्टीत निपाणीच्या व्यापाऱ्यांना आवडणारी तंबाखू पिकत होती. पट्टी गेली तर खानापूरकडच्या भावाच्या दारात जाऊन भावजयीच्या हाताखाली शेणगोठा करायचा, एवढाच रस्ता होता. भावजय कशी आहे हे तिने दिवाळीत चार दिवस राहून पाहिले होते. पाचव्या दिवशी ती भाऊबीज न घेताच परत आली होती.

आणि मनुबाईला एक गोष्ट ठाऊक होती, जी गावात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती. सूर्य देवाकडे आपणहून येत असे. वर्षातून तीन-चार दिवस, मार्च महिन्यात, तो दारातून सरळ आत शिरायचा, आतल्या अरुंद चौकटीतून जायचा आणि नेमका पिंडीवर बसायचा, आरशाबिरशाची गरज न ठेवता. म्हणून त्या दिवसांत गुरव देऊळच बंद ठेवत. ‘देव एकांतात हाय’ असे सांगत. गावही मान डोलावून लांबून नमस्कार करत असे. देवाला वर्षातून चार दिवस एकटे राहावेसे वाटते, यात केळगीचे लोक पाहता कोणालाच नवल वाटले नव्हते.

हे दिवस कसे ओळखायचे ते सासूने, राजाबाईने, तिला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शिकवले होते. शाळू खुडून झाला की खळे करायचे आणि बैल फिरवायला मधोमध खांब रोवायचा. त्याला इकडे तिवडा म्हणतात. सूर्य उगवताना तिवड्याची सावली जिकडे पडेल तिकडे लांब एक धोंडा ठेवायचा, मावळताना पडेल तिकडे दुसरा. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, त्यामुळे दोन्ही सावल्या उत्तरेकडे कलतात आणि धोंडा, तिवडा, धोंडा असा दुमडलेल्या हातासारखा कोपर होतो. दिवस मोठा होत जातो तसा तो कोपर उलगडत जातो. दोन्ही धोंडे आणि तिवडा एका ओळीत येऊ लागले की देवळाला कडी घालायची.

“आणि भादव्यात?” मनुबाईने तेव्हा विचारले होते. “तवा बी कोपर सरळ हुतोय की.”

“हुतोय,” राजाबाई म्हणाली होती. “तवाबी त्यो येतोय. पर आभाळ भरल्यालं असतंय आणि गाव पितरांच्या जेवणात असतंय. कोण बगतंय देवाकडं?”

मनुबाईने स्वतः तो सूर्य कधी धड पाहिला नव्हता. कडी घातलेल्या दाराच्या फटीतून दोऱ्याएवढे ऊन आत जाताना पाहिले होते, तेवढेच.

एकोणीसशे एकोणतीसच्या जूनमध्ये गावात रघुवीर मास्तर आले आणि मनुबाईच्या पोटावर पाय पडायची वेळ आली. मास्तर बेळगावच्या टिळकवाडीचे, वय सव्वीस. त्यांचा विज्ञानावर फार विश्वास होता आणि लोकांवर त्याहून जास्त. माणसाला खरे काय ते समजावून सांगितले की तो ऐकतोच, असे त्यांना वाटे. त्यांनी येताना पृथ्वीचा गोल आणला होता. निपाणीच्या मोटारीच्या टपावर तंबाखूचे दोन बोद त्याच्यावर पडले आणि पृथ्वी केळगीत पोचली ती चपटी होऊन. गावातल्या जुन्या माणसांना ती ओळखीची वाटली.

गोल गेला तरी मास्तर हटले नाहीत. फेब्रुवारीच्या एका दुपारी त्यांनी चावडीत गाव जमवले, दारे लोटून अंधार केला, मधे कंदील ठेवला आणि एका वांग्यातून दाभण आरपार घातला. मनुबाई दाराशी बायकांत बसली होती.

“हे वांगं म्हणजे पृथ्वी,” मास्तर म्हणाले, “आणि कंदील म्हणजे सूर्य. वांगं सरळ उभं नाही, साडेतेवीस अंश कललेलं आहे. ते असंच कललेलं ठेवून मी कंदिलाभोवती फिरतो. इथं आलो की वांग्याचं देठ कंदिलाकडे झुकतं. आपण देठाच्या बाजूला राहतो, म्हणून आपला दिवस मोठा, आपला उन्हाळा. समोर गेलो की देठ कंदिलापासून लांब. दिवस लहान, थंडी. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा होत नाही, कलल्यामुळे होतो. आलं लक्षात?”

“वांगं तिरकं केलं कुणी?” नागोजी पाटलाने विचारले.

“कोणी केलं नाही. तसंच आहे.”

“मग सरकारला अर्ज करून सरळ करून घ्या की मास्तर. उन्हाळ्याचा तरास तरी जाईल.”

चावडी हसली. मास्तरही हसले. आपल्या बोलण्यात गाव रंगले आहे, असा त्यांनी अर्थ घेतला.

“आता पाहा. या दोन टोकांच्या मधे दोन जागा अशा येतात की देठ कंदिलाकडेही झुकलेलं नाही आणि लांबही नाही. तेव्हा दिवस-रात्र सारखी. तेव्हा सूर्य नेमका पूर्वेला उगवतो, ना उजवा ना डावा. त्यातला वसंतातला दिवस आहे एकवीस मार्च.”

“तेरा एप्रिल,” केशवभट डोळे मिटूनच म्हणाले. “पंचांगात आहे.”

मास्तरांना हेच हवे होते. त्यांनी खिशातून भोवरा काढला आणि फरशीवर सोडला. “भोवरा फिरता फिरता डुलतो, दिसतंय? पृथ्वीही अशीच डुलते, फार सावकाश. त्यामुळे विषुवाचा दिवस सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसानं अलीकडे सरकतो. सोळाशे वर्षांपूर्वी पंचांगाचा दिवस आणि खरा दिवस एकच होता. विषुव सरकत गेला. पंचांग आहे तिथंच बसलं. आज तेवीस दिवसांचा फरक पडलाय.”

“म्हणजे पंचांग जागेवर आहे आणि सूर्य घाई करतोय,” केशवभट म्हणाले. “मग चूक कोणाची?”

मास्तरांनी ते कानाआड केले आणि पुढचे वाक्य टाकले.

“मी होकायंत्र लावून पाहिलं. आपलं देऊळ बरोबर पूर्वेला तोंड करून आहे. बांधणाऱ्यानं काठी रोवून, सावली पाहून बांधलंय, पंचांग विचारून नाही. तेव्हा एकवीस मार्चला सूर्य आपोआप पिंडीवर पडेल. आरसा लागणारच नाही.”

नागोजी पाटील इतका वेळ तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. आरशाची पट्टी त्याच्या मळ्याला लागून होती आणि तिच्यातली विहीर उन्हाळ्यात आटत नसे. बाप असल्यापासून त्या घराचा तिच्यावर डोळा होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “ह्ये लई चांगलं सांगितलासा. इतकं दिस आमी अडाण्यागत आरसं फिरवत बसलो. एकवीस तारखंला देऊळ उगडायचं. एकांत-बिकांत काय न्हाय. समद्या गावानं बगायचं.”

देशभर तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाची तयारी चालली होती. केळगीत एका दुपारी पाटलाला विज्ञानाची गोडी लागली, ही घटना त्याहून लहान नव्हती. तो भेटेल त्याला वांगे समजावून सांगू लागला. आठवड्याभरात त्याने चिकोडीला अर्जही लिहून ठेवला: गुरवाची चाकरी निरुपयोगी असल्याचे शास्त्राने सिद्ध झाले आहे, तरी पट्टी काढून घ्यावी. फक्त तारीख घालायची बाकी होती.

दोन दिवसांनी मनुबाई शाळेत गेली. शाळा देवळासमोरच, आवार ओलांडले की उगवतीची वाट सोडून जरा बाजूला होती. मास्तर पोरांना सोडून वही लिहीत बसले होते.

“मास्तर, एक डाव माज्या खळ्यावर येता? तुमाला कायतरी दाखवायचं हाय.”

सूर्य मावळायला टेकला होता. तिने त्यांना तिवड्यापाशी उभे केले, सकाळचा धोंडा दाखवला, मग मावळतीची सावली जिथे पडली तिथे दुसरा ठेवला. कोपर अजून थोडा दुमडलेला होता.

“अजून वीस-बावीस दिस,” ती म्हणाली. “मग तिन्ही एका वळीत येतील. तवा त्यो देवाकडं सरळ जातोय. मला ठावं हाय. माज्या सासूला ठावं हुतं. तिच्या सासूलाबी.”

मास्तर खळ्यात गुडघ्यांवर बसले. त्यांनी दोरी धरली, पावले मोजली, पुन्हा पुन्हा पाहिले. त्यांचे डोळे भरून आले. “मनुबाई, अहो, मी कॉलेजात प्रोफेसरांकडून शिकलो ते तुम्ही दोन धोंड्यांवर करताय! तालुक्यात विषुवदिन काढता येणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. तुम्हाला बक्षीस द्यायला हवं.”

“मला बक्षीस नगो. माजी पट्टी ऱ्हायला पायजे. एकवीसला दार उगडू नगा म्हणून पाटलाला सांगा. चूक झाली म्हणा, बावीस म्हणा, पुढल्या वर्षी म्हणा. पट्टी गेली तर मला भावाच्या दारात जावं लागंल.”

मास्तर उभे राहिले, धोतर झटकले. त्यांना वाईट वाटले, हे खरे. “मी पाटलांना सांगेन की जमीन काढू नका. चांगले आहेत ते, विज्ञानाला मानतात. पण सूर्य येत नाही असं मी कसं सांगू? सत्य आहे ते.”

मनुबाईने त्या गोऱ्या, भल्या, बिनकामाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिला त्यांची कीव आली. पाटील विज्ञानाला मानतात! हा माणूस पृथ्वीचा कल काढत होता आणि नागोजीचा कल त्याला समोर बसून कळला नव्हता. ती घरी गेली आणि चिंच-राख घेऊन आरसा घासायला बसली.

एकवीस मार्चला शिमगा होऊन आठवडा झाला होता. दारापासून गाभाऱ्यापर्यंतची वाट सोडली तर देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे नागोजी, हातात अर्ज. शेजारी मास्तर, हातात घड्याळ. केशवभट मागे खांबाला टेकून, तोंड कडू करून. मनुबाई बुधल्यापाशी, पदराखाली आरसा घेऊन उभी होती. आज तिचे काम नव्हते, म्हणून तिला कोणी खांबाआड जा असेही म्हटले नाही.

सूर्य वर आला. ऊन दारातून आत शिरले, फरशीवरून सरळ चालत गेले, पायरी चढले, आतल्या चौकटीत मावले आणि पिंडीवर बसले. काळा दगड तांबूस झाला. गाभारा इतका उजळला की आतल्या भिंतीवर कोणी कोरलेली लहानशी कमळे दिसली. इतक्या वर्षांत ती कमळे कोणाला माहीतच नव्हती. आरशातले ऊन थरथरते, हे ऊन थरथरत नव्हते.

मनुबाईने वीस वर्षे कडी घालून हेच बाहेर ठेवले होते. राजाबाई हे न बघताच मेली. तिला वाटले, आता काही बोलू नये, पट्टी गेली तर जाऊ दे, उभे राहावे आणि बघावे.

ढोलवाल्यांनी काठ्या खालीच ठेवल्या. ढोल वाजवावा तर मान कोणाचा ते ठरले नव्हते.

“बगा!” नागोजी ओरडला. “आला का न्हाय? कुटं हाय आरसा? कुटं हाय गुरव?”

भावजयीचे तोंड मनुबाईच्या डोळ्यांपुढे आले. ती पुढे झाली.

“आला की,” ती म्हणाली. “पर त्येला बोलावलं कुणी?”

गाव तिच्याकडे वळले.

“देवाची आंगूळ न्हाय. ढोल न्हाय. भटजींचं म्हूर्त न्हाय. शिमग्याच्या राखंतनं उटून न पुसता गाभाऱ्यात शिरलाय. देव एकांतात असतोय तवा कडी का घालत हुते आमचे वाडवडील? ह्येच्यापायीच घालत हुते. आज तुमीच दार उगडलासा. आता ह्येला भायेर काडणार कोण?”

केशवभट खांबापासून सुटले. गेले तीन आठवडे ज्यांचे पंचांग तेवीस दिवसांनी चुकीचे ठरत होते, त्यांना एका बाईने वाट काढून दिली होती. “अवेळी सूर्यदर्शन!” ते गरजले. “संक्रांतीआधी गाभाऱ्यात सूर्य! पाटील, हे काय करून बसलात? गावावर काय येईल त्याला जबाबदार कोण?”

म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. गेल्या वर्षीची गुरांची लाळ-खुरकूत, दोन वर्षांमागची पटकी, सगळे आठवू लागले. नागोजीने अर्ज अंगरख्यात सारला. पाटील म्हणून त्याला एक गोष्ट पक्की येत होती, गाव फिरले की आपण एक पाऊल आधी फिरायचे.

“मी म्हणतच हुतो,” तो म्हणाला. “ह्या मास्तरानं घोळ घातला. आक्का, तुजा आरसा कुटं हाय गं?”

“जेनं आणायचा तेनंच घालवायचा,” मनुबाई म्हणाली आणि गाभाऱ्याच्या चौकटीत जाऊन, पिंडीकडे पाठ करून, आरसा उगवतीकडे धरून उभी राहिली. पिंडीवरचे ऊन गेले. आरशावरून उसळलेला प्रकाश लोकांच्या डोक्यांवरून दाराबाहेर गेला, आवार ओलांडून समोरच्या शाळेच्या भिंतीवर जाऊन आदळला.

“गेला! गेला!” लोक ओरडले. ढोल वाजले.

“अहो, चौकटीत कोणीही उभं राहिलं तरी ऊन अडेल!” मास्तर जीव तोडून सांगत होते. “आरशाचा काय संबंध?” बोलत होते ते बरोबरच होते. तिथे म्हैस उभी केली असती तरी सूर्य अडला असता, पण म्हशीच्या नावाने सनद नव्हती.

मास्तरांनी तरी संध्याकाळपर्यंत घड्याळ लावून दिवस मोजला. तो बारा तास सात मिनिटे भरला. केशवभटांनी चावडीत तेवढेच धरून ठेवले. “सारखी दिवस-रात्र म्हणत होता ना? ही सात मिनिटं कोणाची?”

“हवेतून ऊन वाकून येतं,” मास्तर म्हणाले. “त्यामुळे सूर्य वर येण्याआधीच दिसतो आणि बुडाल्यावरही जरा वेळ दिसत राहतो. शिवाय आपण त्याची वरची कड धरतो, मध्य नाही.”

“म्हणजे डोळ्यांना दिसतं ते खरं नसतं,” केशवभट म्हणाले. “हे तुम्हीच सांगताय. मग सकाळी गाभाऱ्यात दिसलं ते तरी कशावरून?”

यावर मास्तरांजवळ उत्तर होते, पण ते ऐकायला कोणी थांबले नाही. पंच बसले आणि ठराव झाला. गुरवांची चाकरी एक होती ती आता दोन झाली. एप्रिलमध्ये सूर्य आणायचा आणि मार्चमध्ये घालवायचा. पट्टी कायम. केशवभटांना शांतीचा विधी मिळाला. नागोजीनेही अर्ज फुकट जाऊ दिला नाही, मजकूर उलटा करून चिकोडीला पाठवला. उत्तर कानडीत आले. केशवभटांनी ते मराठीत वाचले. गुरवांची चाकरी गावाला अत्यंत जरुरीची असल्याने जमीन चालू ठेवावी.

दुसऱ्या दिवशी मावळतीला मनुबाई खळ्यावर गेली तर मास्तर तिवड्यापाशी बसले होते. धोंडा, तिवडा, धोंडा एका ओळीत होते.

“तुम्हाला सगळं ठाऊक होतं,” ते म्हणाले. “तरी तुम्ही असं केलंत.”

“व्हय. केलं.”

“वाईट नाही वाटलं?”

“लई वाटलं,” मनुबाई म्हणाली. “म्या जल्मात इतकं सुंदर काय बगितलं न्हवतं. पर मास्तर, तुमची बदली झाली तर दुसऱ्या गावात बी तुमाला खुर्ची हाय. मला ह्या तीन एकराभायेर उबं ऱ्हायला जागा न्हाय. तुमी चावडीत बोलायच्या आदी मला इचारलं असतं, तर म्या सांगितलं असतं की कुणाला काय सांगायचं.”

विचारायला हवे होते, हे मास्तरांच्या तेव्हा प्रथम ध्यानात आले.

गावापुढे मात्र एक नवी अडचण उभी राहिली. अवेळी सूर्य घालवायचा तर तो नेमका कधी येणार ते कळायला हवे, आणि पंचांगात ते नव्हते. केशवभट एका सकाळी शाळेत आले, खुर्ची पुसून बसले आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी करून म्हणाले, “तुमची ती एकवीस तारीख. दरवर्षी तीच असते का हो?” मास्तर म्हणाले, बहुधा तीच, कधी एक दिवस इकडे-तिकडे, मी सांगत जाईन. पंचांनी खूश होऊन मास्तरांनाही मान दिला: घड्याळ घेऊन देवळाच्या दारात उभे राहायचे, सूर्य आला की ‘आला’ म्हणायचे, गेला की ‘गेला’. त्याबद्दल एक नारळ आणि फेटा. मास्तरांनी मान घेतला. वर्षातून एकदा तरी खऱ्या दिवशी दार उघडते आहे, हळूहळू लोक विचारतीलच, असे त्यांनी मनाला समजावले.

पुढच्या वर्षी एकवीस मार्च पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आला. गुढ्या कालच उतरल्या होत्या. अवेळी सूर्याला घालवायला पंचक्रोशीतून माणसे आली होती आणि बाहेर बत्तासेवाले बसले होते. मनुबाई आरसा पोटाशी घेऊन चौकटीच्या बाजूला उभी होती. दारात मास्तर, गुलाबी फेटा, हातात घड्याळ.

“आला!” मास्तर ओरडले. त्यांचा आवाज जरा फाटला.

ऊन फरशीवरून चालत आले आणि पिंडीवर बसले. भिंतीवरची कमळे उजळली. गावाने भीतीने डोळे मिटून घेतले होते, तसा नियमच झाला होता. देवळात फक्त दोघांचे डोळे उघडे होते. मनुबाईने आरसा उचलला नाही. चार श्वास गेले, पाच गेले. दारातून मास्तर तिच्याकडे बघत होते.

“आक्का,” केशवभट डोळे मिटूनच खेकसले, “आरसा!”

मनुबाईला ओढ्याकाठची पट्टी दिसली, काढणीला आलेली तंबाखू दिसली. ती चौकटीत सरकली आणि तिने आरसा वळवला. ऊन फेट्यावरून उडून समोर शाळेच्या भिंतीवर जाऊन पडले. रविवार नसतानाही विधीसाठी शाळा बंद ठेवली होती.

मास्तरांनी घड्याळ बघितले आणि ठरल्याप्रमाणे मोठ्याने सांगितले, “गेला.”